अभिप्रेत भाडेकरू : परदेशातील घरशोध आणि नावाची नैतिकता

१

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या समाजात रूढ झाली, त्या समाजाच्या कल्पनेत घर ही बांधावयाची वस्तू होती, मागावयाची नव्हती. मागून मिळणाऱ्या निवाऱ्याला मराठीत 'बिऱ्हाड' हा जुना शब्द आहे आणि विंचवाच्या बिऱ्हाडाची म्हण सांगते त्याप्रमाणे ते पाठीवर वाहून नेण्याइतके हलके मानले गेले आहे. परक्या देशात नव्याने गेलेल्या माणसाला मात्र बिऱ्हाडाचे खरे वजन कळते. ते पाठीवर नसते. ते कोणाच्या तरी मर्जीत असते. ही मर्जी संपादन करताना जो त्रास होतो, त्याला आपण सामान्यतः 'गैरसोय' म्हणतो आणि प्रवासवर्णनाच्या एखाद्या विनोदी प्रकरणात त्याची बोळवण करतो. प्रस्तुत लेखात उपस्थित करावयाचा प्रश्न वेगळा आहे. घर न मिळणे ही केवळ गैरसोय आहे की तो अन्याय आहे? अन्याय असेल तर तो कोणी केला? आणि त्यातून वाट काढण्यासाठी मागणाऱ्याने आपल्या ओळखीत फेरफार केला, तर त्याचे नैतिक मूल्य काय?

विचारासाठी मी जर्मनीचे उदाहरण घेतो, कारण ते माझ्या अनुभवातले आहे. काही वर्षांपूर्वी एका जर्मन विद्यापीठात अध्यापनासाठी गेलो असता चार महिने मी घर शोधत होतो. त्या देशात निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. म्हणजे भाडेकरू असणे तिथे कमीपणाचे मुळीच नाही. भाड्याचे दोन आकडे असतात : 'काल्टमीटे' म्हणजे निव्वळ जागेचे भाडे, आणि 'वार्ममीटे' म्हणजे त्यात पाणी, इमारतीची देखभाल व बहुधा उष्णता यांचा खर्च मिळवून होणारे भाडे. अनामत रक्कम निव्वळ भाड्याच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही, असा कायदा आहे. अनेक घरांत स्वयंपाकघर म्हणजे नळाची जोडणी आणि विजेची तार असलेली रिकामी खोली असते. ओटा, शेगडी आणि कपाटे भाडेकरूने आणावयाची व जाताना न्यावयाची असतात. हे सारे नवे असले तरी शिकता येण्यासारखे होते. शिकता येण्यासारखी नव्हती ती एकच गोष्ट : आपल्याला त्या देशात भूतकाळ नाही, ही.

कारण अर्जासोबत जे कागद मागितले जात, ते सर्व भूतकाळाचे होते. गेल्या तीन महिन्यांच्या वेतनाचे दाखले. भाडे थकलेले नाही असा आधीच्या घरमालकाचा दाखला. पत कशी आहे हे सांगणारे, देशांतर्गत व्यवहारांवरून तयार झालेले प्रमाणपत्र. नुकत्याच आलेल्या माणसाजवळ यांतले काहीच नसते. उलट घर मिळाल्यावाचून बाकीचे आयुष्य सुरू होत नाही. २०१५ साली अमलात आलेल्या नोंदणी कायद्यानुसार घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरकचेरीत नाव नोंदवावे लागते, त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते, आणि करक्रमांक टपालाने येतो तो या नोंदलेल्या पत्त्यावरच. थोडक्यात, वास्तव्याचा पुरावा दिल्याशिवाय वास्तव्य मिळत नाही आणि वास्तव्याशिवाय पुरावा तयार होत नाही. तर्कशास्त्रात ज्याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात, तो इथे दोष न राहता व्यवस्था झालेला असतो.

२

या व्यवस्थेकडे साहित्याच्या अभ्यासकाने पाहिले तर त्याला तिच्यात संहिता आणि वाचक यांचा एक विलक्षण संबंध दिसेल. योगायोग असा, की वाचकाच्या भूमिकेची गंभीर मीमांसा याच देशात, कॉन्स्टान्ट्स येथील विद्यापीठात झाली. हान्स रोबेर्ट याउस यांनी १९६७ च्या आपल्या व्याख्यानात वाचकाच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची संकल्पना मांडली. वोल्फगांग इझर यांनी १९७२ च्या ग्रंथात 'अभिप्रेत वाचका'ची. प्रत्येक संहिता आपल्या घडणीतच एका वाचकाची जागा राखून ठेवते, असे इझर यांच्या मांडणीचे सार सांगता येईल. घराची जाहिरात हीही अशीच संहिता असते. 'शांत, नोकरदार, धूम्रपान न करणारी व्यक्ती' एवढ्या चार शब्दांत एक अभिप्रेत भाडेकरू उभा केलेला असतो. आपल्याकडील वृत्तपत्रांतील 'शाकाहारी कुटुंबास' ही दोन शब्दांची जाहिरात याहून अधिक बोलकी आहे. तिच्यात आहाराच्या नावाखाली जात, धर्म आणि वैवाहिक स्थिती यांची अख्खी यादी दडलेली असते, आणि ती ज्याला वाचता येत नाही असा मराठी वाचक विरळा.

अर्जदाराने या अभिप्रेत भाडेकरूच्या मापाचे आत्मचरित्र लिहावयाचे असते. जर्मनीत त्यासाठी 'झेल्ब्स्टआउस्कुन्फ्ट', म्हणजे स्वतःविषयी स्वतः द्यावयाची माहिती, असा रूढ नमुनाच आहे : जन्म, व्यवसाय, उत्पन्न, सोबत राहणारी माणसे, पाळीव प्राणी. वाद्य वाजवता का, असेही काही ठिकाणी विचारले जाते. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारात लेखक आपल्या जगण्याला अर्थ देतो, असे आपण मानतो. इथे अर्थ दुसऱ्याने आधीच ठरवलेला असतो आणि लेखकाने त्याला पुरावे जोडावयाचे असतात. या लेखनात 'मी' आहे, पण ते कोणालाही त्रास न देणारे, जवळजवळ अनुपस्थित असे 'मी' आहे. आदर्श भाडेकरू म्हणजे जो भाडे भरतो पण राहत नाही, असे विनोदाने म्हणता येईल.

आणि तरीही ही संहिता बहुधा वाचली जात नाही. एका घरासाठी शेकड्याने अर्ज येतात, तेव्हा वाचक शीर्षकापाशीच थांबतो. अर्जाचे शीर्षक म्हणजे अर्जदाराचे नाव. जर्मन इमारतींत सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात. दरवाजाच्या घंटीपाशी आणि टपालपेटीवर आडनावे लिहिलेली असतात, आणि टपाल येते ते या आडनावांवर. आडनाव हाच तिथे पत्ता असतो. त्यामुळे नव्या नावाला दारावर जागा द्यावी की नाही, हा निर्णय तिथे लाक्षणिक अर्थाने नव्हे, तर शब्दशः घेतला जातो.

३

दोन महिन्यांत माझ्या साठांवर पत्रांना चार उत्तरे आली. तेव्हा एका जर्मन सहकाऱ्याने सुचवले, की पत्र आपल्या नावाने पाठवून पाहू. मजकूर माझाच होता : तेच उत्पन्न, तीच नोकरी, तेच शांतताप्रेम. फक्त खालचे आडनाव बदलले. उत्तर त्याच संध्याकाळी आले. दोन दिवसांनी आम्ही दोघे घर पाहावयास गेलो आणि घर मला हवे आहे असे दारातच सांगितले. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटले की नाही, हे मला आजही निश्चित सांगता येणार नाही. त्यांनी सौजन्याने घर दाखवले, कागद ठेवून घेतले, आणि आठवड्याने घर दुसऱ्या कोणाला दिल्याचे कळवले. कारण दिले नाही.

हे असत्य होते का, आणि ते क्षम्य होते का? कांट यांच्या दोन छोट्या लेखनकृती या प्रश्नाला दोन बाजूंनी भिडतात, आणि दोन्हींत घराचा उंबरा आहे. १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात त्यांनी परक्याच्या हक्काची सीमा आखली. परका माणूस आला म्हणून त्याला शत्रूसारखे वागवू नये, हा त्याचा हक्क आहे. ती आपली कृपा नव्हे. पृथ्वी गोल आहे, तिच्या पाठीवर माणसांना अनंत अंतरावर पांगता येत नाही, आणि मुळात कोणत्याही जागेवर कोणा एकाचा दुसऱ्याहून अधिक अधिकार नाही, असे त्यांचे कारण. परंतु हा हक्क येण्याचा आहे, राहण्याचा नव्हे. राहण्यासाठी स्वतंत्र करार हवा. नवागताची आधुनिक अवस्था नेमकी या दोहोंच्या फटीत आहे. राज्य त्याला व्हिसा देऊन येऊ देते, विद्यापीठ किंवा कारखाना त्याला बोलावतो; परंतु करार ज्याच्याशी करावयाचा त्या घरमालकाने कोणालाच आमंत्रण दिलेले नसते. यजमान एक आणि दार दुसऱ्याचे, अशी ही स्थिती.

दुसरी कृती १७९७ ची. मित्राच्या मागावर असलेला खुनी दारात येऊन 'तो तुझ्या घरात आहे का' असे विचारील, तर त्याच्याशीही खोटे बोलण्याचा हक्क आपल्याला नाही, असे कांट यांनी तिच्यात प्रतिपादिले. त्यांचा मुद्दा असा, की असत्य एका व्यक्तीपुरते राहत नाही. ज्या विश्वासावर सारे करार उभे असतात, तो पायाच त्याने खचतो. आमच्या पत्राला हा निकष लावून पाहिला की एक पेच उभा राहतो. आडनाव हे भाडेकराराच्या दृष्टीने गैरलागू असेल, तर ते बदलल्याने कराराच्या पायाला धक्का लागत नाही. ते लागू असेल, तर मूळ संहितेत नसलेली, कायद्याने निषिद्ध असलेली अट मालकाने आधीच घातलेली आहे, आणि पाया आमच्या पत्राआधीच खचलेला आहे. हा युक्तिवाद मला त्या वेळी निर्णायक वाटला. आज तो तसा वाटत नाही. तो माझ्यावरील आरोप फार तर सौम्य करतो. पण ते पत्र काय करत होते, हे तो पाहत नाही. विशिष्ट आडनावाने दार उघडते, ही रूढी पत्राने मोडली नाही. तिचा वापर केला. दुसऱ्याचे नाव किल्लीसारखे वापरून मी त्या कुलपाला मान्यताच दिली होती.

४

यावर असे म्हटले जाईल, की मालकीणबाईंनी मला नाकारले असे कशावरून? त्यांनी दुसऱ्या कोणाला निवडले, एवढेच. ही हरकत वरवरची नाही. नकार आणि निवड यांतील फरक हाच या प्रश्नाचा गाभा आहे. नकाराला कर्ता असतो, कारण असते, आणि म्हणून त्याला जाब विचारता येतो. निवडीत शंभरांतला एक पुढे येतो आणि नव्याण्णव कोणी नाकारल्याशिवायच मागे राहतात. प्रत्येक मालक आपल्यापुरती एक निर्दोष निवड करतो. या निवडींची बेरीज मात्र अशी होते, की विशिष्ट नावांची माणसे सर्वत्र नव्याण्णवांतच सापडतात. अन्याय दिसतो, अन्यायकर्ता दिसत नाही.

जर्मन कायद्याला याची जाणीव आहे. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्याने वांशिक मूळ पाहून घर नाकारण्यास बंदी केली. परंतु त्याच कलमात, रहिवाशांची रचना सामाजिकदृष्ट्या स्थिर राहावी म्हणून घरे देताना भिन्न वागणूक करता येईल, अशी सवलत आहे. आणि मालक किंवा त्याचे आप्त त्याच आवारात राहत असतील, तर त्या निकटतेमुळे हे बंधन सुटू शकते. निकटता आणि स्थैर्य हे दोन्ही शब्द सद्हेतूचे आहेत. पण स्थिर म्हणजे कोण, हे आत असलेला ठरवतो. आपल्याकडचे उदाहरण याहून स्पष्ट आहे : अहमदाबादेतील पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याचा नियम वैध ठरवला. संघटनेचे स्वातंत्र्य हे मूल्य खरे आहे. परंतु आतल्यांचे स्वातंत्र्य आणि बाहेरच्याची वंचना ही एकाच दाराची दोन अंगे आहेत.

या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जर्मनीत भाडेकरूला भक्कम संरक्षण आहे. मान्य होईल असे कारण असल्याशिवाय मालकाला त्याला काढता येत नाही. हे संरक्षण न्याय्यच आहे. परंतु काढता येणार नाही म्हणून घेतानाच पारखून घ्यावे, असे मालकाला वाटते आणि या पारखण्याचा भार नवागतावर पडतो. मुंबईच्या वाचकाला हे नवीन नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली, जुने भाडेकरू सुरक्षित झाले. आणि नंतर येणाऱ्याला पागडीवाचून दार उघडेना. आतल्याला दिलेला न्याय बाहेरच्याला महाग पडतो, हे कटू सत्य दोन्हीकडे सारखे आहे.

५

येथवर मी स्वतःला नव्याण्णवांत मोजले. पण त्या चार महिन्यांत मला वारंवार आठवत राहिली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही छोटी आत्मकथनात्मक कृती. परकीयाच्या कागदाचे नाव तिने स्वदेशातल्या अनुभवाला दिले आहे, यातच तिचा सारा आशय आहे. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन १९१७ साली ते बडोदे संस्थानाच्या सेवेत रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा नव्हती. पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव धारण करून राहिले. तिथल्या चालकाला ते ठाऊक होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांनी, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात ज्यांना खोली मिळाली होती, त्यांना बडोद्यात मिळाली नाही.

या प्रसंगाशी माझ्या प्रसंगाची तुलना करणे म्हणजे त्याची विटंबना करणे होईल. मी तुलना करत नाही; त्या प्रसंगाने माझ्या तक्रारीला विचारलेला प्रश्न नोंदवतो. तिथेही उसने नाव आहे. पण ते वापरणाऱ्यावर असत्याचा ठपका ठेवण्याचे धाडस कोणताही नीतिशास्त्रज्ञ करणार नाही, कारण खरे नाव सांगण्यासाठी जी किमान सुरक्षितता लागते, ती त्यांना नाकारलेली होती. माझ्याजवळ ती होती. घर नसतानाही विद्यापीठाचे अतिथिगृह होते, परतीचे तिकीट होते, आणि पुण्यात वडिलांचे घर होते. त्या घराची मागची खोली आम्ही भाड्याने देत असू. विचारावयास आलेल्या मुलांना वडील पहिला प्रश्न विचारत : 'आपलं आडनाव?' मी शेजारी बसलेला असे. ते कधीही कोणाला 'नाही' म्हणाले नाहीत, 'कळवतो' म्हणत. कोणाला कळवावयाचे आणि कोणाला नाही, हे मला न सांगता समजे. जर्मनीत ज्या सौजन्याने मी घायाळ झालो, त्या सौजन्याची भाषा माझी मातृभाषाच होती.

मराठीत 'ओळख' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : आपण कोण ते, आणि आपल्याला कोण जाणते ते. आपल्याकडे दुसऱ्या अर्थाच्या ओळखीने घर मिळते. जर्मनीत पहिल्या अर्थाच्या, कागदावरील ओळखीने मिळावे असा दंडक आहे. कागद निष्पक्ष असतो अशी आपली समजूत असते. परंतु ज्याच्याजवळ कागद नाही, त्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात : आडनावापाशी.

६

मग आपण नेमके काय मागू शकतो? नाव न विचारता दार उघडणारे निरपेक्ष आतिथ्य हीच आतिथ्याची खरी कसोटी होय, अशा दिशेने देरिदा यांचे १९९७ साली प्रसिद्ध झालेले विवेचन जाते. आणि ते प्रत्यक्षात कायद्यांवाचून, अटींवाचून उतरू शकत नाही, हेही ते मान्य करतात. भाडेकराराकडून अशा आतिथ्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. हायडेगर यांनी १९५१ साली, युद्धोत्तर घरटंचाईच्या काळात, डार्मश्टाट येथील व्याख्यानात सांगितले, की खरी विपत्ती घरांच्या टंचाईत नसून माणसाला वास करणे अजून शिकावयाचे आहे, यात आहे. जिन्यावरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे विधान पटणे कठीण आहे. वास करणे शिकण्यासाठीही एक किल्ली लागते.

माझी मागणी या दोन्हींहून लहान आहे आणि ती वाचनाच्या नीतीतून येते. ज्याला कारण न देता वगळले जाते, तो आपोआप अतिवाचक होतो. उत्तराला झालेला उशीर, हस्तांदोलनातला क्षण, 'कळवतो' या शब्दाचा स्वर, या सर्वांत तो अर्थ शोधतो. कधी योग्य शोधतो, कधी नसलेला शोधतो, आणि कोणता कधी हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. मालकीणबाईंविषयी माझे हेच झाले. कदाचित त्यांनी माझे कागद प्रामाणिकपणे पाहिले असतील; त्यांच्यावर अन्याय होण्याची शक्यताही त्या मौनाने निर्माण केली. एक पक्ष मुळीच वाचत नाही आणि दुसऱ्याला अखंड वाचत राहावे लागते, ही विषमता मला घर न मिळण्याहून मोठी वंचना वाटते. म्हणून घर मिळण्याचा नव्हे, तरी शीर्षकाच्या पुढे वाचले जाण्याचा आणि कारण कळण्याचा हक्क माणसाला मागता येतो. तो कायद्याने पुरता देता येणार नाही; परंतु देणाऱ्याने तो आपले कर्तव्य म्हणून मानला, तर कायद्याच्या सवलतींचा आडोसा त्याला घ्यावा लागणार नाही.

मला शेवटी घर मिळाले. ते त्याच सहकाऱ्याच्या मावशीचे होते. जाहिरात निघालीच नाही, कागद कोणी मागितले नाहीत. घंटीपाशी माझे आडनाव लागले तेव्हा त्यातले एक अक्षर चुकलेले होते आणि मी ते दुरुस्त करून घेतले नाही. ते घर मला न्यायाने मिळाले नव्हते. ओळखीने मिळाले होते. जाहिरात निघाली असती तर ज्यांनी अर्ज केले असते, त्या माणसांची नावे मला ठाऊक नाहीत. त्यांचे अर्ज न वाचणाऱ्यांत मीही होतो.